उलटी वही

"दोन महिने झाले, आवाज बसलाय," असं घोगऱ्या आवाजात सांगणारे एक काका, ही वॉर्डातली माझी पहिली केस. वय ६२, तीस वर्षांची सिगारेट. घसा दुखत नाही, ताप नाही, गिळायला त्रास नाही. मी हिस्टरी लिहून घेतली, जीभ दाबून टॉर्चने घसा पाहिला, काही वावगं दिसलं नाही. राउंडला सर आले तेव्हा ठसक्यात सांगून टाकलं, "लॅरिंजायटिस, सर. स्वरयंत्राची सूज. वाफ घ्यायची आणि आवाजाला विश्रांती."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "स्वरतंतू हलवणारी नर्व्ह कोणती?"

हे तर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. "रिकरंट लॅरिंजियल, सर. व्हेगस नर्व्हची शाखा. उजवीकडची सबक्लेव्हियन धमनीखालून वळते. डावीकडची छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिकेमधल्या खोबणीतून परत वर स्वरयंत्राकडे जाते." एका दमात. मागे कुणीतरी हळूच 'वा' म्हणालं.

"मग छातीचा एक्स-रे का नाही मागवलास?"

ही नर्व्ह छातीतून फिरून येते, हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडून दहा सेकंदही झाली नव्हती. आणि तरीही बसलेल्या आवाजासाठी छातीत डोकावायचं, हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. दुपारी एक्स-रे आला. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठ होती. दुर्बिणीतून पाहिलं तर डावा स्वरतंतू जागचा हलत नव्हता.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत माझे गुण वर्गात वरच्या पाचांत होते. हे बढाई म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगतेय.

त्या रात्री मी पहिल्या वर्षाच्या नोट्स काढून बसले. प्रत्येक नर्व्हखाली तेच मथळे: उगम, मार्ग, शाखा, पुरवठा. सगळं उगमाकडून शेवटाकडे. पेशंट मात्र शेवटाला उभा असतो. घरातल्या नळाला पाणी येत नाही एवढंच त्याला माहीत असतं. धरण कुठे, जलवाहिनी कुठून येते, याच्याशी त्याला काय करायचंय? आणि नळ कोरडा पडला की आपण पहिल्यांदा काय करतो? शेजारी विचारतो, "तुमच्याकडे येतंय का?" त्यांच्याकडे येत असेल तर बिघाड आपल्या घरात. इमारतीत कुणाकडेच नसेल तर टाकीपाशी. अख्ख्या गल्लीत नसेल तर आणखी मागे. कुदळ न मारता पाइप कुठे फुटलाय ते बऱ्यापैकी कळतं.

म्हणून एक नवी वही केली. पानाच्या वर पेशंटचं वाक्य: 'पाऊल उचलत नाही', 'तोंड वाकडं झालं', 'आवाज बसला'. खाली त्या तक्रारीपासून मागे मागे जात मेंदूपर्यंतचा रस्ता, आणि प्रत्येक टप्प्यावर तिथे आणखी कोण राहतं त्याची नावं. मी तिला 'उलटी वही' म्हणायचे. रूममेटने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काळजीने विचारलं, "किती वेळा झाली?"

वहीतलं पहिलं पान जे खरोखर कामाला आलं, ते पावलाचं. घोट्याचं हाड मोडलेला एक दादा, गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर, आणि पाचव्या दिवशी बोटं व पाऊल वर उचलता येईना. त्याला जुनी कंबरदुखी होती, त्यामुळे माझ्या जोडीदाराने लगेच 'मणक्यातली गादी सरकली, एल-५ दबलं' असं ठरवून टाकलं. एल-५ म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याजवळून निघणारी नर्व्हची मुळी. पाऊल दोन्हींत लुळं पडतं. एल-५ ची मुळी दबली तरी, आणि फिब्युलाच्या, म्हणजे पोटरीतल्या बाहेरच्या हाडाच्या, मानेला वळसा घालून जाणारी कॉमन पेरोनियल नर्व्ह दबली तरी. ती तिथे हाडाला चिकटून, जेमतेम कातडीखालून जाते. प्लास्टरची वरची कड नेमकी तिथेच रुतते.

इथे शेजाऱ्यांइतकेच भाऊबंद उपयोगी पडतात. भाऊबंद म्हणजे मूळ एकच, पण वाटा वेगळ्या झालेले. पाऊल आतल्या बाजूला वळवणारा टिबिआलिस पोस्टेरिअर हा स्नायूही एल-५ वरच जगतो, पण त्याला तार येते टिबिअल नर्व्हमधून, फिब्युलाच्या वाटेने नाही. मांडी बाहेर फाकवणारा ग्लुटिअस मीडिअसही तसाच, एल-५ चाच पण तिसऱ्या वाटेचा. प्लास्टर कापून उघडलं आणि मी दादाला म्हटलं, "तळवा आत वळवा." वळला. यात एक मेख आहे, जी मला रेसिडेंट मॅडमनी दाखवली: पाऊल आत वळवायला, ते वर उचलणारा टिबिआलिस अँटेरिअरही मदत करतो आणि तो तर या केसमध्ये बंदच असतो. म्हणून पाऊल आधी खाली झुकवून मग आत वळवायला सांगायचं, म्हणजे टिबिआलिस पोस्टेरिअर एकट्याने किती जोर लावतो ते दिसतं. जोर पूर्ण होता. मांडी फाकवतानाही पूर्ण. पाऊल बाहेर वळवताना मात्र काहीच नाही, आणि पावलाची वरची बाजू बधिर. म्हणजे मुळी शाबूत, बिघाड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. कंबरेचा एमआरआय मागवायची चिठ्ठी मॅडमनी फाडली. दादाचं पाऊल उचललं जायला पुढे दोन-अडीच महिने लागले, पण उचललं गेलं.

तोंड वाकडं होण्याचं पान मात्र एवढं भरत गेलं की त्याची चार पानं झाली. पहिला प्रश्न सगळ्यांना माहीत असतो: कपाळाला आठ्या घालता येतात का? एक आजी आल्या होत्या, ओठाचा कोपरा उतरलेला, पण "आठ्या घाला" म्हटल्यावर कपाळ दोन्हीकडून छान आक्रसलं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतात, तोंडाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्ध्याकडून. म्हणजे कपाळ वाचलं तर घाव वर मेंदूत, आणि घड्याळ सुरू झालेलं. आजींना थेट सीटी स्कॅनला नेलं.

दोन आठवड्यांनी एक ताई आली. कपाळ सपाट, डोळा मिटत नाही, म्हणजे चेहरा हलवणारी खुद्द फेशियल नर्व्हच बसली. मला आता शेजाऱ्यांकडे जायची चटक लागली होती. उजव्या कानाला भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणाली: स्टेपिडिअस गेला, कानातल्या रिकिबीच्या हाडाला आवर घालणारा तो इवलासा स्नायू. जिभेच्या पुढच्या भागाला चव नाही: ती चव नेणारी शाखा, कॉर्डा टिंपनी, गेली. डोळ्यात पाणी येतं, म्हणजे त्याच्या वरची शाखा वाचली. डोळा बाहेरच्या बाजूला वळतो, हे मुद्दाम पाहिलं, कारण मेंदूच्या देठात फेशियल नर्व्हचे तंतू डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नर्व्हच्या केंद्रकाला वळसा घालून जातात. तिथे घाव असता तर बहुधा डोळाही अडला असता. मी अभिमानाने कानाच्या हाडातला नेमका टप्पा सांगितला. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उपचारात काय बदललं?"

काही नाही. ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू करायचं आणि न मिटणारा डोळा कोरडा पडू द्यायचा नाही. टप्पा कॉर्डा टिंपनीच्या वर की स्टेपिडिअसच्या वर, औषध तेच. शिवाय बेल्स पाल्सीत, म्हणजे फेशियल नर्व्हच्या अशा अचानक लकव्यात, नर्व्ह जागोजागी सुजलेली असू शकते, त्यामुळे शाखांवरून काढलेला टप्पा तितकासा खरा ठरतोच असंही नाही. शेजारी विचारून झाले, गप्पा रंगल्या, पण नळ त्याने आला नाही. मला हे त्या वेळी लागलं होतं. आता वाटतं, सर जरा जास्तच रुक्ष होते. डोळा बाहेर वळतो का हे पाहिलं नाही, तर एखाद्या दिवशी देठातला घाव बेल्स समजून घरी पाठवला जाईल. पण त्यांचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि तो अजून तिथे आहे.

मग शेजाऱ्यांनीच मला तोंडघशी पाडलं.

२८ वर्षांचा एक जण, उजव्या कुशीत दुखतंय, पाठीकडे जातंय. पोट पुढून दाबलं तर मऊ, ॲपेंडिक्सची सूज जिथे दुखते त्या मॅकबर्नीच्या बिंदूवर फारसं दुखत नाही. लघवीत थोड्या पू-पेशी, थोड्या लाल पेशी. मी मूत्रनलिकेपासून मागे रस्ता आखला, सगळं जुळलं, निदान केलं: खडा. सर्जरीच्या रेसिडेंट सरांनी त्याला डाव्या कुशीवर वळवलं आणि उजवी मांडी मागे ताणली. तो कळवळला. "सोअस," सर म्हणाले, आणि मला विचारलं, "दुखणं सुरू कुठून झालं?"

मी कागद पाहिला. 'उजव्या कुशीत' एवढंच होतं. पेशंट स्वतःच म्हणाला, "मी सांगितलं होतं मॅडमना. काल सकाळी बेंबीभोवती दुखत होतं, मळमळत होतं. मग ते थांबलं." सांगितलं होतंच. थांबलं म्हणाला म्हणून मी लिहिलं नव्हतं.

ॲपेंडिक्समधून निघालेली वेदना पाठीच्या कण्यात दहाव्या थोरॅसिक (छातीच्या भागातल्या) पातळीच्या आसपास शिरते आणि बेंबीची कातडीही त्याच पातळीवर नोंदलेली असते. आतड्यांना स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही. मेंदू ती वेदना बेंबीच्या नावावर टाकतो. सूज बाहेरच्या आवरणाला लागली की मग नेमकी जागा दुखू लागते. ती जागा उजव्या ओटीपोटात पुढच्या बाजूला असते, असं आपण शिकतो, पण ॲपेंडिक्स बऱ्याच जणांत सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, मागे लपलेलं असतं. मग ते पुढच्या आवरणाला लागत नाही, मागच्या सोअस स्नायूला लागतं, शेजारच्या मूत्रनलिकेला चाटतं आणि लघवीत पेशी दिसतात. माझा शेजारी खोटं बोलला नव्हता. आग पलीकडच्या घरात होती आणि मी ज्याच्या खिडकीतून धूर आला त्याचंच दार वाजवत बसले. सीटीत तसंच दिसलं, संध्याकाळी ऑपरेशन झालं. त्यानंतर 'आधी कुठे दुखत होतं' हा प्रश्न मी कधी गाळला नाही, आणि थांबलेलं दुखणंही लिहिते. त्याच महिन्यात गाडीवरून पडलेल्या एका मुलाचा डावा खांदा दुखत होता, खांद्याला खरचटलेलंही नव्हतं. मी पोटाची सोनोग्राफी लवकर करा म्हणून मागे लागले. प्लीहा फाटून डायफ्रॅमखाली, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, रक्त साचलं होतं. त्या पडद्याची नर्व्ह मानेतून येते, सी-३, ४, ५ मधून, आणि खांद्याची कातडीही तिथेच नोंदलेली, म्हणून ओरड खांद्याची.

इथवर सगळं 'कुठे' या एका प्रश्नावर चाललं होतं. फिजिऑलॉजीच्या, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं याच्या, केसेस आल्या आणि तो प्रश्न लंगडा पडला.

१७ वर्षांची मुलगी, दम्याचा झटका म्हणून पाठवलेली, तोंडावर नेब्युलायझरचा मास्क. श्वास मिनिटाला ३४. मी स्टेथोस्कोप लावला: दोन्ही फुप्फुसं स्वच्छ, शिट्टीचा मागमूस नाही. ऑक्सिजन ९९ टक्के. श्वास उथळ आणि धडपडीचा नव्हता, खोल होता, एका लयीत, एखादा भाता चालावा तसा. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. मी डोकं खाजवत राहिले की फुप्फुसात बिघाड कुठे आहे. रेसिडेंट मॅडम म्हणाल्या, "फुप्फुसं बिघडलेली नाहीत. ती राबतायत. कुणासाठी, ते शोध."

रक्तातली साखर ४८०. धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट: पीएच ७.१२ (हा घसरला की रक्त आम्ल झालं), बायकार्बोनेट ५, कार्बन डायऑक्साइड १६. बायकार्बोनेट एरवी २४ च्या आसपास असतं, कार्बन डायऑक्साइड ४० च्या. इन्शुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळतंय, त्यातून कीटो-आम्लं साचतायत, बायकार्बोनेट त्यांना झेलता झेलता संपत आलंय. पीएच मात्र ठरतो तो बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडच्या गुणोत्तरावर. वरचा आकडा घसरला तर खालचाही घसरवा, म्हणजे गुणोत्तर थोडं तरी सावरेल. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा एकच दरवाजा: श्वास. हा श्वास आडॉल्फ कुसमाउलने १८७४ साली मधुमेहाच्या पेशंटमध्ये वर्णन केला, तेव्हा पीएच ही कल्पनासुद्धा नव्हती. मॅडमनी मला हिशोब करायला लावला: बायकार्बोनेट गुणिले दीड, अधिक ८. साडेपंधरा. रिपोर्टमध्ये १६. म्हणजे फुप्फुसं जेवढं करायला हवं तेवढं चोख करत होती. "आता ही दमली आणि कुणी घाईने नळी घालून व्हेंटिलेटरवर मिनिटाला १४ श्वास लावले तर?" मॅडमनी विचारलं. दरवाजा आपणच ढकलून लावल्यासारखं. पीएच कोसळला असता. माझ्या अंगावर काटा आला. या समीकरणावर पहिल्या वर्षी पाच गुणांचं टिपण मी किती वेळा लिहिलं होतं!

पोटॅशिअमने आणखी एक तडाखा दिला. रिपोर्टमध्ये ५.६, वरच्या टोकालाही ओलांडून. सलाइन आणि इन्शुलिन सुरू झालं आणि मॅडम म्हणाल्या, दर दोन तासांनी पोटॅशिअम बघ, द्यावं लागेल. जास्त असताना द्यायचं? पण शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशिअम पेशींच्या आत असतं. इन्शुलिन नसलं आणि रक्त साखरेने घट्ट झालं की ते पेशींतून बाहेर येतं, आणि लघवीच्या लोंढ्याबरोबर वाहूनही जातं. रक्तात दिसतं ते म्हणजे घरातलं सामान रस्त्यावर आलेलं. रस्ता भरलेला दिसतो, घर रिकामं असतं. इन्शुलिन दिलं की उरलंसुरलं आत जाणार. चार तासांनी ३.४ आलं, आणि तेही ५ च्या खाली आल्यापासून सलाइनमधून देत असताना. रात्री त्या मुलीने मास्क काढल्यावर विचारलं, "मला दमा नाहीये ना?" एवढ्या गोंधळात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वहीत या केससाठी पान उलटं आखताच आलं नाही. शेवटी वर 'कुठे' च्या जागी लिहिलं: 'शरीर काय वाचवू पाहतंय?'

इंटर्नशिपमध्ये एका रात्री दोन्ही प्रश्न एकदम लागले. ५८ वर्षांचे बाबा, छातीत दुखतंय, ईसीजीत खालच्या भिंतीचा झटका: त्या भिंतीकडे पाहणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये आलेखाचा एसटी हा भाग वर गेलेला. ॲस्पिरिन दिली आणि माझा हात सवयीने जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीकडे गेला. मी एकटीनेच ओळखलं असं सांगायला आवडलं असतं, पण सिस्टर म्हणाल्या, "बीपी ८६ आहे मॅडम, तरी द्यायची?" हात थांबला. मानेच्या शिरा पाहिल्या: टरटरून फुगलेल्या. फुप्फुसं ऐकली: स्वच्छ. डावं हृदय कोलमडलं असतं तर फुप्फुसांत पाणी हवं होतं. बहुतेकांमध्ये हृदयाची खालची भिंत पोसणारी उजवी कोरोनरी धमनी आणखी कुणाला पोसते? उजव्या जवनिकेला, हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला. ती दुबळी झाली की ती केवळ भरून येणाऱ्या रक्ताच्या जोरावर चालते. नायट्रेट शिरा सैलावतं आणि नेमकं तेच रक्त मागे राहतं. छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून ईसीजी काढला, तिथेही एसटी वर. रेसिडेंट येईपर्यंत थोडं थोडं सलाइन, आणि गोळी डबीतच. जितकं रक्त भरून येतं तितकं हृदय जोराने ढकलतं, हे दाखवणारा स्टार्लिंगचा आलेख मी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलने काढला होता.

वहीचं शेवटचं भरलेलं पान खोकल्याचं आहे. एक बाई चार महिने कोरड्या खोकल्याने हैराण. एक्स-रे स्वच्छ, दमा नाही, आम्लपित्ताची औषधं घेऊन झाली, खोकला वाढवणारी बीपीची गोळीही नाही. मी फुप्फुसापासून घशापर्यंतचे सगळे टप्पे पडताळले. कान-नाक-घसा विभागातल्या मॅडमनी कानात पाहिलं, कडक झालेल्या मळाचा एक बोळा उजव्या कानातून काढला, आणि काढता काढताच बाई खोकून बेजार झाल्या. आठवड्याने आल्या त्या खोकल्याशिवाय. कानाच्या नळीच्या कातडीला व्हेगसची एक बारीक शाखा येते. काही थोड्या लोकांत ती छेडली की मेंदूला वाटतं घशातच काहीतरी अडकलंय. व्हेगस, म्हणजे लॅटिनमध्ये भटका. पहिल्या काकांचा आवाज ज्याने छातीतून बसवला, तोच हा.

पानावर रस्ता आखताना कानासाठी मी जागाच ठेवली नव्हती. समासात आडवं लिहिलं.